ऑस्ट्रेलियन बुश-गीतांतील जुने ग्रामीण शब्द : ओळखीचे शब्दच अधिक फसवतात

माळरान (धागालेखक)

नमस्कार. मेलबर्नमधील आमच्या छोट्या वाचनगटासाठी मी ऑस्ट्रेलियातील जुन्या बुश-गीतांचा आणि कवितांचा मराठीत अर्थ लिहून काढत आहे. काम हाती घेतले तेव्हा वाटले होते की बिलाबाँग, कुलिबा, जंबक अशा शब्दांशी झगडावे लागेल. प्रत्यक्षात त्यांनी फारसा त्रास दिला नाही, कारण शब्द अगदीच अनोळखी असला की आपण निमूटपणे शब्दकोश उघडतो. घात करतात ते शाळेपासून ठाऊक असलेले इंग्रजी शब्द. त्यांच्यावर आपली नजर थांबतच नाही.

माझी पहिली फजिती 'क्रीक' या शब्दाने केली. 'ठाणे क्रीक' म्हणजे ठाण्याची खाडी, हे मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात इतके पक्के असते की 'खाडीकाठी तळ पडला' असे लिहून मी मोकळा झालो. गटातील एका निवृत्त भूगोलशिक्षिकांनी नकाशा पुढे ठेवून विचारले की क्वीन्सलँडच्या अंतर्भागात, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, भरतीचे पाणी कोणत्या मार्गाने पोचते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, आणि तोही अनेकदा वर्षातला बराच काळ कोरडा पडणारा.

त्यानंतर मी प्रत्येक सोप्या शब्दाकडे संशयाने पाहू लागलो. 'स्टेशन' म्हणजे रेल्वेचे किंवा पोलिसांचे ठाणे नव्हे. मालकाचे घर, गड्यांच्या झोपड्या, लोकर कातरण्याची शेड आणि नजर पोचणार नाही एवढी चराऊ जमीन मिळून जो मेंढ्यांचा किंवा गुरांचा मळा होतो, त्याला तिथे स्टेशन म्हणतात. 'मॉब' म्हणजे दंगलखोर जमाव नव्हे, तर मेंढ्यांचा कळप किंवा गुरांचे खिल्लार. 'पॅडॉक' म्हटले की आपल्याला घोड्यांच्या शर्यती आठवतात, पण तिथे कुंपण घातलेले कोणतेही शेत किंवा कुरण पॅडॉकच, मग ते दोन एकरांचे असो की दोन हजार एकरांचे. खुद्द 'बुश' या शब्दाचेही तेच. झुडूप म्हटले तर हसे होते आणि जंगल म्हटले तर अर्थ अपुरा पडतो. मी सध्या 'रान' वापरत आहे, कारण 'तो रानात गेला आहे' असे आपल्या खेड्यात म्हटले तर तो माणूस जंगलात, माळावर किंवा स्वतःच्या शेतात, कुठेही असू शकतो, आणि इंग्रजी शब्दाची ऐसपैस व्याप्तीही जवळपास तेवढीच आहे.

पार्श्वभूमीपुरते सांगतो की यातील बरीचशी रचना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. १८८० मध्ये सिडनीत सुरू झालेल्या 'द बुलेटिन' या साप्ताहिकाने बँजो पॅटरसन आणि हेन्री लॉसन यांच्यासारख्या कवींना व्यासपीठ दिले, आणि तोंडोतोंडी चाललेली लोकगीते पॅटरसन यांनीच जमवून १९०५ मध्ये पुस्तकरूपाने छापली.

आता माझी अडचण अशी आहे. 'क्लिक गो द शिअर्स' या कातरणीच्या गीतात 'रिंगर' नावाचा कोणी इसम एका 'ब्लो'ने हरतो आणि एका म्हाताऱ्या 'स्नॅगर'ला शिव्या देतो. मी त्या जागी मारामारी रंगवली आहे, पण आता माझाच माझ्यावर विश्वास उरलेला नाही. दुसरे म्हणजे 'स्क्वॉटर' हा शब्द जिथे तिथे श्रीमंत माणसासाठी येतो, हे कसे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


घोंगडी

माळरान, मारामारी ताबडतोब काढून टाकावी. माझे आजोळ धनगराचे असल्यामुळे लोकर कातरताना मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि त्यामुळे त्या कडव्यातला विनोद मला इंग्रजी समजण्याआधी समजला असे म्हटले तरी चालेल.

'ब्लो' म्हणजे ठोसा नव्हे. मेंढीच्या अंगावरून कातर एकदा सरकवली की झाला एक ब्लो; मराठीत 'हात' म्हणता येईल, जसे आपण भिंतीला चुन्याचा एक हात दिला असे म्हणतो. 'रिंगर' म्हणजे त्या शेडमधला सर्वांत वेगवान कातरणारा, आणि 'स्नॅगर' म्हणजे हात न बसलेला किंवा ओबडधोबड काम करणारा. त्या कडव्यातील 'यो' हा मेंढीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचा जुना बोलीतला उच्चार आहे, आणि जिच्या नावाने रिंगर चरफडतो ती मेंढी पोटावर लोकर नसलेली आहे. गंमत इथेच आहे. कातरणीची सुरुवात पोटाच्या लोकरीपासून होते. पोट मुळातच उघडे असेल, तर कातरणाऱ्याचे तेवढे काम आपोआप वाचते. म्हाताऱ्या स्नॅगरच्या वाट्याला अशी सोपी मेंढी आली, त्याने ती एका हाताच्या फरकाने आधी सोडली, आणि शेडमधला पहिल्या नंबरचा माणूस मान वर करून पाहतो तो काय, आपण हरलेलो! मजुरी मेंढ्यांच्या संख्येवर मिळत असल्यामुळे आणि रिंगरची सारी ऐट वेगावर उभी असल्यामुळे, त्याचा तो संताप अगदी खरा आहे.

'बोर्ड' म्हणजे शेडमधली लाकडी जमीन, जिच्यावर कातरणारे ओळीने उभे राहतात, आणि 'बॉस ऑफ द बोर्ड' म्हणजे तिथला मुकादम. त्याला संचालक मंडळाचा अध्यक्ष करू नये. कातर लागून मेंढीला जखम झाली की हाक ऐकून डांबराचे भांडे घेऊन धावणारा पोऱ्या तो 'टार-बॉय'. हे डांबर लक्षात ठेवावे, कारण 'क्लॅन्सी ऑफ द ओव्हरफ्लो' या पॅटरसन यांच्या १८८९ मधील कवितेत कवीच्या पत्राला उत्तर आले आहे ते डांबरात बुडवलेल्या अंगठ्याच्या नखाने लिहिलेले. शहरातल्या वाचकाला ही कविकल्पना वाटते, पण शेडमध्ये दौत कोठून येणार, आणि डांबर तर हाताशीच असते.

आणखी एक शब्द आपल्याला फार जवळचा आहे. जुन्या शेडमध्ये मेंढी नीट कातरली गेली नसेल तर मालकाचा माणूस तिच्यावर 'रॅडल'ची खूण करी, आणि त्या मेंढीचे पैसे कातरणाऱ्याला मिळत नसत. रॅडल म्हणजे आपला गेरू. आमच्याकडे मेंढ्यांना रंग लावतात तो आपली मेंढी दुसऱ्याच्या कळपात ओळखू यावी म्हणून. तिथे मात्र गेरूचा पट्टा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे एखाद्या गीतात गेरूचा नुसता उल्लेख आला तरी त्यामागे मालक आणि मजूर यांच्यातली चीड आहे, हे टिपेत लिहिणे आवश्यक आहे.

वेगाची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देते. १० ऑक्टोबर १८९२ रोजी जॅकी हाउ या क्वीन्सलँडच्या कातरणाऱ्याने साध्या हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. म्हणजे एका मेंढीला दीड मिनिटही लागले नाही. आमच्या मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त 'मेंढ्या वाचल्या का?' एवढेच विचारले.


कातरवेळ

घोंगडीताईंचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एक भर घालणे गरजेचे वाटते. 'रिंगर' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने येत नाही. उत्तरेकडे, विशेषतः क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरीतील गुरांच्या मळ्यांवर, घोड्यावर बसून गुरे वळणाऱ्या गड्याला रिंगर म्हणतात, आणि त्याचा मेंढीच्या लोकरीशी काडीचा संबंध नाही. त्यामुळे गीत मेंढ्यांच्या मुलखातले आहे की गुरांच्या, हे आधी पाहून मगच अर्थ लावावा.

'यो' शब्दाविषयी मला एक गोष्ट फार मनोरंजक वाटते. या गीताचे एक जुने रूप व्हिक्टोरियातील बॅकस मार्श या गावच्या वृत्तपत्रात डिसेंबर १८९१ मध्ये छापलेले सापडले आहे, आणि तिथे गीताचे शीर्षकच त्या मेंढीवरून आहे. चाल मात्र 'रिंग द बेल, वॉचमन' या १८६५ मधील अमेरिकन गाण्याची. पुढे गीत तोंडोतोंडी फिरले, 'यो' हा उच्चार अनेकांना कळेनासा झाला, आणि गाणाऱ्यांनी त्या जागी 'जो' घातले. काहींनी 'बेअर' (म्हणजे उघडे) ऐवजी 'ब्लू' घालून मेंढीचे पोट निळे करून टाकले. म्हणजे हे शब्द केवळ आपल्यालाच परके आहेत असे नाही. कातरणीच्या शेडपासून दोन पिढ्या दूर गेलेल्या ऑस्ट्रेलियन माणसालाही ते परकेच झाले होते, फरक इतकाच की त्याला गाणे थांबवून कोणाला विचारायचे नव्हते.


सातबारा

'स्क्वॉटर'विषयी लिहितो, कारण हा शब्द चुकला तर कवितेचा न्याय-अन्यायच उलटा होतो.

आपल्या वृत्तपत्रांत स्क्वॉटर म्हणजे अतिक्रमण करून झोपडी बांधलेला गरीब माणूस. ऑस्ट्रेलियातही शब्दाची सुरुवात बेकायदा वस्तीपासूनच झाली. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने १८२९ मध्ये वसाहतीची हद्द एकोणीस परगण्यांपुरती ठरवून दिली, पण मेंढ्यांना कुरण हवे होते आणि इंग्लंडला लोकर हवी होती. तेव्हा पैसेवाले लोक कळप घेऊन हद्दीपलीकडे जाऊन बसले. त्यांना हुसकावणे जमेना, म्हणून १८३६ मध्ये सरकारने वर्षाला १० पौंड भरून चराईचा परवाना देण्यास सुरुवात केली. दहा पौंडांत परगण्याएवढी जमीन वापरायला मिळाल्यावर हे अतिक्रमणदार एका पिढीत जमीनदार बनले, आणि शब्द तोच राहून त्याचा अर्थ मात्र झोपडीतून वाड्यात गेला. त्या जमिनीवर हजारो वर्षे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना या व्यवहारात कोणी विचारले नाही, आणि बहुतेक गीतेही त्यांच्याविषयी गप्पच आहेत.

पुढचा अंक १८६१ मधला. रॉबर्टसन यांच्या जमीन कायद्याने न्यू साउथ वेल्समध्ये कोणालाही ४० ते ३२० एकरांचा तुकडा निवडून, एकरी एक पौंड दराने आणि चौथा हिस्सा रोख भरून घेता येऊ लागला. असा तुकडा निवडणारा तो 'सिलेक्टर'. त्याला निवड समितीचा सभासद समजू नये! स्क्वॉटरांनी यावर जे उपाय शोधले, ते सात-बाराचे उतारे पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला अजिबात नवे वाटले नाहीत. नोकराच्या किंवा नातेवाइकाच्या नावाने जमीन उचलायची, त्याला तिथे 'डमी' म्हणत. आपल्याकडे त्यासाठी 'बेनामी' हा अधिक नेमका शब्द आधीपासून आहे. दुसरा उपाय 'पीकॉकिंग', म्हणजे फक्त पाणवठ्याकाठचे मोक्याचे तुकडे विकत घ्यायचे, जेणेकरून मधली कोरडी जमीन दुसऱ्या कोणाला घेऊन उपयोगच होऊ नये. या शब्दात मोर आहे म्हणून कोणी पिसारा फुलवू नये.

हे ध्यानात घेऊन 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' वाचावी. पॅटरसन यांनी ती १८९५ मध्ये क्वीन्सलँडमधील विंटनजवळच्या डॅगवर्थ स्टेशनवर लिहिली. त्याच्या आदल्याच वर्षी कातरणाऱ्यांच्या संपात त्या स्टेशनची शेड जाळली गेली होती. कवितेत एक भटका मजूर पाण्यावर आलेली मेंढी पकडतो, आणि उंची घोड्यावर बसून स्क्वॉटर येतो, सोबत तीन शिपाई घेऊन. इथे स्क्वॉटरचे भाषांतर 'अतिक्रमणदार' केले तर दोन गरीब माणसे एका मेंढीसाठी भांडत आहेत असे चित्र उभे राहते. 'जमीनदार' म्हटले की चित्र सरळ होते, पण मग ज्याची स्वतःची जमीनच कब्जाने मिळवलेली आहे तो एका मेंढीच्या चोरीसाठी पोलीस आणतो, हा त्या शब्दातला उपरोध हरवतो. मी भाषांतरकार नसल्यामुळे यावर तोडगा सुचवत नाही.


ओवी

तोडगा म्हणून 'कब्जेदार' हा शब्द विचारात घेता येईल. महसुली भाषेत तो प्रतिष्ठित आहे आणि बोलण्यात थोडा बदनामही आहे.

आता मटिल्डेविषयी. 'मटिल्डा' ही कोणी प्रेयसी नाही आणि 'वॉल्ट्झिंग' हा नाचही नाही. मटिल्डा म्हणजे भटक्या मजुराच्या पाठीवरची अंथरूण-पांघरुणाची गुंडाळी. तिला 'स्वॅग' म्हणत, आणि निळसर घोंगडीमुळे 'ब्लूई' असेही म्हणत. जर्मन कारागीर उमेदवारी संपल्यावर गावोगाव काम करत फिरत. त्या फिरतीच्या जर्मन नावावरून 'वॉल्ट्झिंग' आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मराठीत स्वॅगसाठी 'वळकटी' हा शब्द इतका चपखल आहे की दुसरा शोधूच नये. तसेच 'टकर-बॅग' म्हणजे शिदोरीची पिशवी, आणि 'डॅम्पर' म्हणजे निखाऱ्याच्या राखेत भाजलेली जाड भाकर. विदर्भातील वाचकाला 'रोडगा' म्हटले तर दुसरे काही सांगावे लागणार नाही.

'बिली' या चहा उकळण्याच्या डब्याविषयी एक दंतकथा नेहमी ऐकू येते की तो शब्द 'बिलाबाँग'मधील 'बिला'वरून, म्हणजे पाण्यावरून आला. शब्दकोशकारांचा कल मात्र स्कॉटिश बोलीतील 'बिली-पॉट' या शब्दाकडे आहे, आणि मलाही तेच पटते. बिलाबाँग हा विराजुरी भाषेतील शब्द आहे. नदीने पात्र बदलल्यावर मागे उरलेला, पावसाळ्यात भरणारा पाण्याचा पट्टा असा त्याचा अर्थ. 'डोह' म्हणता येईल, पण डोह वाहत्या नदीत असतो, आणि हा नदीने सोडून दिलेला आहे. 'कुलिबा' हे झाडाचे नाव गमिलराय आणि तिच्या शेजारच्या भाषांतून, 'हम्पी' हा झोपडीचा शब्द ब्रिस्बेनकडच्या यगारा भाषेतून, आणि रानात एकमेकांना घालायची 'कू-ई' ही हाक सिडनीच्या धरुग भाषेतून आली आहे. मेंढीला 'जंबक' का म्हणतात याविषयी मात्र निरनिराळे तर्क आहेत आणि एकही सिद्ध झालेला नाही.

या शब्दांना मराठी प्रतिशब्द देऊ नयेत असे माझे मत आहे. इंग्रजीनेही ते तसेच्या तसे उचलले, आणि ते परके दिसणे हाच त्यांच्यातील इतिहासाचा उरलेला पुरावा आहे.


कातरवेळ

ओवीताई, आपल्या प्रतिसादावरून उलट दिशेचा एक शब्द आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू साउथ वेल्समधील गरीब, लहान शेतकऱ्यांना 'डंगरी सेटलर' म्हणत, कारण ते भारतातून येणारे स्वस्त, जाडेभरडे सुती कापड वापरत. ते 'डंगरी' म्हणजे मुंबईच्या डोंगरीच्या नावावरून आलेले कापड. एवढा लांबचा प्रवास करून आपल्या गावाचे नाव तिथे दारिद्र्याची खूण म्हणून पोचावे, याचे थोडे वाईट वाटते. 'वेलर' या घोड्याच्या नावाचा प्रवास याच्या नेमका उलटा आहे. न्यू साउथ वेल्समधून इथल्या इंग्रज फौजेसाठी घोडे येत, आणि त्यांना हे नाव पडले ते हिंदुस्थानात.


माळरान (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मारामारी काढली आहे आणि खाडीचा ओढा केला आहे. क्लॅन्सीच्या कवितेत तर मी त्याहून मोठा पराक्रम केला होता: 'ओव्हरफ्लो' हे एका स्टेशनचे नाव आहे हे लक्षात न आल्यामुळे शीर्षक 'महापुरातला क्लॅन्सी' असे दिले होते. ते आता 'ओव्हरफ्लोचा क्लॅन्सी' असे होईल. 'स्क्वॉटर' पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्दच ठेवून टीप देईन आणि नंतर 'कब्जेदार' वापरीन.

दोन शंका अजून उरल्या आहेत. एका गीतात 'टेन, टेन, टू अँड अ क्वार्टर' असे नुसते आकडे येतात. दुसऱ्या गीतात गायक 'कॉकी' लोकांच्या नावाने बोटे मोडतो. मी ते 'शिष्ट लोक' असे घेतले आहे.


घोंगडी

आकडे शिध्याचे आहेत. मळ्यावरच्या गड्याला आठवड्याला १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा मिळे, आणि हे प्रमाण इतके ठरलेले होते की नुसते आकडे उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताट उभे राही. भाजी नाही, दूध नाही, हेही त्या आकड्यांतच आले. पौंडाचे किलो मात्र करू नयेत, नाही तर गाण्याचा किराणा दुकानातला कागद होईल.


सातबारा

'कॉकी' म्हणजे शिष्ट नव्हे. तो 'कॉकाटू' या पोपटाचा संक्षेप आहे, आणि लहान शेतकऱ्यांना हे नाव चिकटले होते; ते पाखरांसारखी जमीन उकरून दाणे शोधतात, असा एक खुलासा दिला जातो. बॅलरटजवळच्या बंगरी गावच्या कॉकींवर जे गीत आहे, त्यातला मजूर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवल्याची तक्रार करतो. इथे एक गोष्ट सांभाळावी. मघाशी ज्या सिलेक्टरची आपल्याला दया आली, तोच पुढे कॉकी होऊन गडी ठेवतो, आणि गड्याच्या दृष्टीने तो कब्जेदारापेक्षा चिक्कू मालक असतो, कारण मोठ्या स्टेशनवर निदान शिधा ठरलेला होता. त्यामुळे आपल्या अनुवादात दोन्ही ठिकाणी 'गरीब शेतकरी' असा एकच शब्द योजू नये.


कातरवेळ

'सनडाउनर'विषयी कोणी विचारले नाही, तरी माझ्या सदस्यनावाला जागून सांगतो. दिवसभर काम टाळून नेमका सूर्य मावळताना स्टेशनवर हजर होणारा वळकटीवाला तो सनडाउनर. त्या वेळी काम देता येत नाही, आणि परंपरेने शिधा तर द्यावाच लागतो. 'संध्याकाळचे पेय' असा त्याचा दुसरा अर्थ काही शब्दकोशांत आधी दिलेला असतो. माळरान यांनी तो कुठे वापरला असल्यास आजच तपासून घ्यावा.


माळरान (धागालेखक)

वापरला आहे. पान अकरा. दुरुस्त करतो.